शाहिराला दिलेला फेटा

परवा दत्तू गेला. आता मला गप्प राहण्याचे कारण उरलेले नाही.

दत्तात्रय माझा वर्गमित्र. एकाच गावचे आम्ही, आणि दोघेही नव्वदी ओलांडलेले.

त्याने सख्ख्या भावाला पकडून दिले, असे आमच्या गावात आजही बोलले जाते. ते असत्य आहे.

बेचाळीसच्या चळवळीनंतरची दोन-तीन वर्षे होती. दत्तूचा थोरला भाऊ शिवादादा भूमिगत होता. तो कोठे आहे, हे घरच्यांनाही ठाऊक नसे.

चैत्रात आष्ट्याजवळच्या एका गावी जत्रा भरे. आम्ही दोघे तेव्हा सोळा वर्षांचे. दिवसभरात जेवढे खेळ पाहता येतील तेवढे पाहायचे, असा बेत करून सकाळीच चालत निघालो.

पहिला खेळ धनगरांच्या गजीनृत्याचा. ढोलाच्या तालावर चाळीस माणसे रुमाल उडवत गोल फिरत होती.

दत्तूने माझे मनगट घट्ट धरले.

"ढोलवाल्याच्या डाव्या अंगाचा बघ. तसं न्हवं, खाली मान घालून बघ."

शिवादादा होता. दाढी वाढलेली, पण पाऊल तालात.

त्यानंतर आम्ही एकही खेळ नीट पाहिला नाही.

कुस्तीच्या मैदानात लोक पैलवानांकडे पाहत होते. मी प्रेक्षकांच्या पायांकडे. धोतर नेसलेल्या दोघांच्या पायांत पोलिसी बूट होते.

पुढे डोंबाऱ्याचा खेळ लागला. एक मुलगी दोरावरून चालत होती आणि सारी जत्रा वर पाहत होती.

ते दोघे आमच्याकडे पाहत होते.

मी घरी जाऊ म्हणालो. दत्तू चिडला. मला तो चिडवून मास्तर म्हणत असे.

"मास्तर, आता पळालो तर सगळंच उघडं पडंल. खेळ बघाय आलोय, खेळ बघायचा."

उन्हे कलल्यावर शाहिराचा पोवाडा सुरू झाला. गर्दीतून घोंगडे पांघरलेला एक माणूस दत्तूला घासून गेला. जाता जाता त्याने दत्तूच्या हातात एक कोरा फेटा ठेवला.

"शाहिराला दे. लय दिसांनी ऐकतोय."

आवाज शिवादादाचा.

दत्तूने फेटा माझ्याकडे सरकवला आणि तो बूटवाल्यांवर नजर ठेवून राहिला. म्हणून फेटा घेऊन मंचाकडे मी गेलो.

आमच्याकडे असा आहेर निनावी देत नसत. देणाऱ्याचे नाव आणि गाव पुकारल्याशिवाय शाहीर फेटा डोक्याला लावत नसे. डफवाल्याने वाकून विचारले, "कुणाकडनं?"

मी दुसरे कोणतेही नाव सांगू शकलो असतो. माझे स्वतःचे सांगू शकलो असतो.

परंतु विचारलेल्या प्रश्नाला बिनचूक उत्तर द्यायचे, याची मला वर्गात सदैव शाबासकी मिळत आली होती. मी शिवादादाचे खरे, पूर्ण नाव सांगितले. गावासह.

डफावर थाप पडली आणि ते नाव भर जत्रेत पुकारले गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घोंगडे पांघरलेला माणूस गर्दीतून मागे सरकू लागला. बूटवाल्या दोघांना तेवढे पुरेसे होते.

जत्रेच्या मैदानापलीकडे उसाचे फड होते; तिथवर पोहोचण्याआधीच शिवादादा पकडला गेला. वर्षभरात तुरुंगातून निरोप आला, की तो तापाने गेला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दत्तूच्या आईने विचारले होते, नाव कोणी सांगितले. मी समोरच उभा होतो. मी तोंड उघडण्यापूर्वी दत्तू म्हणाला, "म्या."

भूमिगतांची माणसे त्या दिवसांत खबऱ्याच्या तळपायांना पत्री ठोकत, हे आमच्या भागात प्रत्येकाला ठाऊक होते. पुढे एकदा मी त्याला विचारले, असे का केलेस.

"मी भाऊ हाय. मला शिव्या घालतील आन् सोडतील. तुला सोडलं नसतं, गड्या."

आई त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. जवळपास कोणी मुलगी देईना, म्हणून त्याची सोयरीक पाटणच्या पलीकडे जुळवावी लागली.

मी शिक्षक झालो. माझे सत्कार झाले. दत्तू प्रत्येक सत्काराला येऊन मागच्या रांगेत बसला.

आज रक्षा सावडून आल्यावर मी हे सर्व त्याच्या थोरल्या मुलाला सांगितले.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग माझ्यापुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि आत नेऊन ठेवला.

त्याचे काहीही चुकले नाही.

ज्यांनी ज्यांनी दत्तूला बोल लावला, त्यांनी हे आपापल्या घरी मोठ्याने वाचावे.

दत्तू, तुला माझा अखेरचा नमस्कार.