आमच्या विहिरीतला मोरचूद

माह्या सासऱ्याले एकच घमेंड होती, आमची विहीर. बौद्ध झालो तरी गावविहिरीवर आमाले शिवू देत नसत, म्हणून त्यानं अन् त्याच्या भावांनी वस्तीच्या उतारावर ती हातानं खणलेली. जागा मिळाली तीही गावच्या उकिरड्यांच्या खालच्या अंगाची. आमचं पाणी घाण असं कोणी म्हणू नये म्हणून सासरा दर उन्हाळ्यात तळचा गाळ खरवडून काढे, अन् संत्र्याच्या बागेत फवारायचा निळा मोरचूद ओंजळीनं पाण्यात टाके. पाणी असं नितळ, की तळचा दगड दिसे.

दुष्काळ सरला त्या साली मले पहिलं लेकरू झालं. अंगावर दूधच आलं नाही. बकरीच्या दुधात पाणी घालून पाजायची. महिन्याभरात त्याचे ओठ निळे, नखं निळी. ना ताप, ना खोकला. मी पाणी उकळू लागली, पार आटेपर्यंत. तं पोरगं आणखीच निळं! कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे बाहेरचं. मले वेड लागायचंच बाकी होतं.

वाशीमच्या डॉक्टरीणबाईनं आधी विहिरीचीच चौकशी केली. सासऱ्यानं छाती फुगवून सगळं सांगतलं. बाईनं लेकराची नखं परत एकदा उजेडात धरून पाह्यली. मंग म्हणाली, उकिरड्याचा क्षार झिरपून विहिरीत उतरते, त्याले नायट्रेट म्हणतात. मोठ्या माणसाले पचते, तान्ह्याचं रक्त नासवते, म्हणून ते निळं पडते. गाळातले बारके जंतू तो क्षार थोडाफार खाऊन टाकतात. पण मोरचूद म्हणजे तांबं, ते विरघळलं की जंतूच मरतात. अन् उकळलं की पाणी उडते, क्षार दाट होते. तिनं सुई दिली, अन् दुसऱ्या विहिरीचं पाणी पाजा म्हणाली, नाहीतर लेकरू हाती लागत नाही.

दुसरी विहीर म्हणजे चढावरची गावविहीर. मी घागर उचलली, तं सासरा उंबऱ्यात आडवा बसला.

"तिथं तुह्या सासूनं हात पसरले, पोरी. म्हणून ही खणली मी."

"मामाजी, लेकरू मरून राह्यलं."

तो बाजूले सरला.

विहिरीवर दिसंन त्या बाईले मी हात जोडले. बायका तोंड फिरवून आपापलं भरत राह्यल्या. शेवटी एकीनं ओतलं, वरून, शिंतोडा उडू नये म्हणून पाय मागे घेऊन. मले राग आला नाही. रागाले जागाच उरली नव्हती. रोज गेली, रोज हात जोडले.

लेकराचे ओठ लाल झाले त्या दिवशी मी धावतच त्याले सासऱ्याजवळ घेऊन गेली, मांडीवर द्याले. त्यानं हात मागे ओढले.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "याच हातानं टाकत होतो."