काकांनी दाखवलेली बेटं

देवाने सृष्टी घडवली तेव्हा आमचे मंगरूळपीरचे शेजारी काका तिथे हजर असते, तर त्यांनी देवाला ते काम पुरं करूच दिलं नसतं. कशालाही चांगलं म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. पंगतीत तिसऱ्यांदा वरण वाढून घेताना ते आचाऱ्याला बोलावून मीठ कमी असल्याचं सुनावत. ताजमहाल पाहून आले, तर "पुसाले किती मानसं लागत असतीन?" एवढंच बोलले. काकू अगदी उलट; साध्या पिठल्यालाही 'वा!' म्हणणारी बाई. पण त्यांची नजर विझत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पुरता अंधार होण्याआधी एकदा समुद्रातली बेटं पाहायची, एवढीच त्यांची इच्छा. त्यांच्या मुलाने व्हिएतनामची सहल ठरवली आणि सोबतीला मला धाडलं.

धक्क्यावर गाईड म्हणाला, इथली सगळी बेटं चुनखडीची. काकांची चुन्याची डबी घरीच राहिली होती. त्यांनी लगेच जवळचा खडक किल्लीने खरवडला, भुकटी तंबाखूत मळली, दाढेत धरली आणि थुंकून टाकली. "हा चुना भट्टीत भाजेलच नाही! इतका डोंगर, अन् कामाचा काडीचा नाही."

बोट निघाली आणि धुकं उतरलं. पिंजलेल्या कापसात शिरावं तसे आम्ही चाललो होतो. पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे लागतं, काही कळेना. आमची ही एकच फेरी होती. मला फार वाईट वाटलं.

"काय दिसते जी?" काकूंनी विचारलं.

आता धुक्याचा उद्धार होणार, असं मला वाटलं.

"अवं, बेट हाय एक," काका म्हणाले. "हिरवंगार. म्हैस डोहात बसते ना, तसं. मांगं तीन लहान लहान, मायच्या मांगं लेकरं असल्यावानी. लय मस्त हाय!"

'मस्त' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग ते थांबेचनात. झाडी झाली, पाखरं झाली, कड्यावरून पडणारं ऊन झालं. काकू मान वळवून वळवून पाहत होत्या. समोर सगळं पांढरं होतं.

बऱ्याच वेळाने काकूंनी गालावरचं दव पदराने टिपलं. "धुकं हाय ना जी?"

काकांचं दाखवणारं बोट खाली आलं.

"असू द्या," त्या हसून म्हणाल्या. "तुमी सांगत राहा."

काकांनी त्यांचा हात धरला, घसा साफ केला. "पाह्य, आता एक मोठं येऊन राह्यलं..."