शिवणखात्यातला कारागीर

“कात्री एक, सुया सहा. सरी ना, अण्णा?” रोज संध्याकाळी सगळी हत्यारं माझ्या पुढ्यात मांडून तो ‘बरोबर ना’ असं कानडीत विचारायचा आणि मी मान हलवेपर्यंत जागचा हलायचा नाही. मी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी अण्णा मीच!

सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. तिकडं कानडी मुलखात, चिकपेटेत माझ्या मामांचं शिंपीकामाचं दुकान होतं. मी कापड बेतायचो, तो शिवायचा. असा कारागीर तुम्ही पाहिला असेल तर मला दाखवाच! त्याची काजं बघायला गिऱ्हाईक कोट उलटा करून उजेडात धरायचं. कुठं शिकलास विचारलं की म्हणायचा, “सरकारी कारखान्यात.” आम्हाला वाटलं, लष्कराच्या.

मामांचा त्याच्यावर फार जीव. दुकानाची किल्ली त्याच्याकडे, दुपारचं जेवण आमच्याकडे. मामींनी भात वाढला की ताटावर हात आडवा धरून “स्वल्प, अक्का, स्वल्प!” म्हणायचा आणि मग सगळा संपवायचा.

तीन वर्षं अशी गेली. एका संध्याकाळी तुरुंगाचे एक अधिकारी कोटाचं माप द्यायला आले. बेळगावकडचे, मोकळे गृहस्थ. मागे सुया मोजणं चाललं होतं. त्यांनी आवाज ओळखला.

“अरे, तू इथं! मालक, नशीबवान आहात. आठ वर्षं माझ्या शिवणखात्यात होता हा. मारामारीत हातून माणूस गेला, पण आत कधी एक सुई हरवली नाही. तिथं रोज मोजून परत द्यावी लागतात ना, तीच सवय!”

भलं करायला गेले हो ते! मामाही त्यांच्याबरोबर हसले. साहेब पायरी उतरले आणि मामांनी त्याच्यापुढे हात केला. “किल्ली दे.”

“मामा, तीन वर्षं...” मी म्हणालो.

“तू गप्प बैस! खुन्याला घरात जेवू घातलं मी!”

त्यानं किल्ली ठेवली आणि तो गेला. ज्यांच्या मांडीवर वाढलो ते हेच का मामा? पण मी आपलं कापड बेतत राहिलो, सांगायला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मामा पेठेतल्या प्रत्येक शिंप्याला स्वतः सांगून आले.

पंधरा दिवसांनी साहेब कोट घालून बघायला आले. चेहरा उतरलेला.

“काल तो आमच्या फाटकाशी आला होता. कुणी दारात उभं करत नाही म्हणाला. शिवणखात्यात नोकरी मागत होता. मी म्हटलं, बाबा, ते काम कैद्यांनाच देतात.”

“मग?” मी बाहीला टाचण्या लावत विचारलं.

“मग हात जोडून विचारतो कसा, ‘साहेब, शिवणखातं मिळायला कमीत कमी किती वर्षांची शिक्षा लागते?’”

मामांनी घसा खाकरला.

“खांद्यात सैल वाटत नाही ना, साहेब?”