तराजूला लाथ

तो सिनेमा वाईट होता, हे मी आधीच मान्य करते. आमच्या घरात त्याचा विषय निघाला की अजून सगळे हसतात आणि त्यांच्यात मीही असते. पण त्या सिनेमावरून माझ्या विषयाबद्दल जे ठरवलं गेलं, ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकत होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. डॅडी वसईहून परदेशात, इथे हॅमिल्टनला आले तेव्हापासून एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. मम्मी वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. अकाउंटिंग हा शब्द दोघांच्याही आवडीचा, कारण तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वर्षी एक विषय बाहेरचा घ्यावा लागतो, म्हणून मी प्राचीन इजिप्त घेतला. खरं सांगायचं तर माझ्या टाइमटेबलमध्ये तेवढ्याच विषयाला जागा होती.

आणि मी त्यात अडकले. राजांमध्ये नाही. राजांची थडगी खोदणाऱ्या कामगारांचं एक गाव होतं, त्या गावात. कोण कामावर का आला नाही, याच्या तिथे नोंदी सापडल्या आहेत: एकाला विंचू चावला होता, दुसऱ्याला घरी बीअर बनवायची होती. हे वाचताना मला गोदामातली माणसं आठवायची, कामावर न येण्याची त्यांची अशीच कारणं डॅडी घरी येऊन सांगतात. मला विषय बदलायचा होता. इजिप्तच कायमचा घ्यायचा होता. घरी हे कसं सांगावं, ते मात्र कळत नव्हतं. भांडी घासताना मी वाक्य जुळवायचे आणि मम्मी समोर आली की भलतंच काहीतरी विचारायचे.

मग त्या सिनेमाची जाहिरात आली. सोन्याची चिलखतं घातलेले इजिप्तचे देव, मागे पिरॅमिड. मला वाटलं, हा भव्य पडदाच माझं काम करेल. आधी सगळ्यांना दाखवायचा आणि परत येताना गाडीत सांगून टाकायचं.

सिनेमाच्या आदल्या दिवशी जेवताना मी त्यांना थोडी कथा सांगून ठेवली. माणूस मेला की त्याचं काळीज तराजूत ठेवतात, आणि दुसऱ्या पारड्यात पक्ष्याचं एक पीस.

"आणि काळीज जड भरलं तर?" मम्मीने विचारलं.

"तर शेजारी मगरीच्या तोंडाचा एक प्राणी बसलेला असतो. तो ते खाऊन टाकतो."

"अरे देवा! कन्फेशनची काही सोय नाही?"

"आहे ना. पण उलटी. मी चोरी केली नाही, मी कुणाचं पाणी अडवलं नाही, असं एकेक सांगायचं."

डॅडी हसले. "असलं कन्फेशन मला पण जमेल, बाय."

त्यांचं ते हसणं मला शुभ वाटलं.

रविवारी मिस्सा झाल्यावर देवळातून थेट थिएटरला गेलो. आम्ही वसईकर ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. मम्मीने पर्समध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेले फुगे, म्हणजे आमच्याकडचे मैद्याचे तळलेले गोळे, लपवून आणले होते. इंग्रजी सिनेमाला आम्ही चौघं इथे पहिल्यांदाच जात होतो. मम्मी, डॅडी, मी आणि शाळेत जाणारी माझी धाकटी बहीण. तिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर इंग्रजीत देते.

सुरुवातीपासूनच काहीतरी बिनसलेलं होतं. सूर्यदेवाच्या होडीला तोफा होत्या. कोल्ह्याच्या डोक्याच्या देवाचं डोकं हे हेल्मेट निघालं, बटण दाबलं की उघडणारं. देव एकमेकांना इमारतींवर आपटत होते. मी मनात म्हणत राहिले, तराजू येऊ दे, तराजू आला की त्यांना कळेल.

तराजू आला. नायकाचं काळीज एका पारड्यात, पीस दुसऱ्यात. काळजाचं पारडं खाली झुकायला लागलं, आणि नायकाने तराजूला लाथ मारून तो उलटवला. मग तराजूशी उभ्या असलेल्या त्या कोल्ह्याच्या डोक्याच्या देवाला भिंतीतून आरपार फेकलं. थिएटरमध्ये टाळ्या पडल्या.

बहीण माझ्या कानाशी आली. "सो ही फेल्ड द टेस्ट अँड बीट अप द टीचर?"

पलीकडून मम्मी कुजबुजली, "बाय, ते पीस कुठे गेलं?"

डॅडी झोपले होते.

बाहेर आलो तेव्हा गाडीवर बर्फ साचला होता. डॅडींनी ब्रशने काच साफ केली, आत बसले, हीटर लावला आणि हात चोळत म्हणाले, "हे शिकवतात तुमच्याकडे?"

"हे नाही, डॅडी."

"इजिप्तच होतं ना? बरं झालं एकच विषय घेतलास. अकाउंटिंगमध्ये असली भानगड नाही."

तेव्हा गप्प बसता आलं असतं. एरवी मी बसतेच. पण मला राग आला होता, आणि तो डॅडींचा नव्हता. थडगी खोदणाऱ्यांच्या त्या गावातल्या लोकांच्या वतीने आला होता, हे लिहायला जरा संकोच वाटतो, पण तसंच होतं.

"त्या सिनेमात इतके देव आहेत," मी म्हणाले, "आणि एकही माणूस देवाकडे काही मागत नाही. तुमच्या लक्षात आलं? खरे लोक मागायचे. सणाला देवाची मूर्ती खांद्यावरून गावात फिरायची आणि लोक वाटेत उभे राहून तिला विचारायचे. माझं गाढव याने चोरलं का? हे घर माझं का? मूर्ती पुढे आली तर हो, मागे गेली तर नाही."

डॅडींनी मान वळवली. "पुढे-मागे कोण करणार? उचलणारेच ना?"

"हो."

"मग निकाल त्यांच्या हातात! मी सणाला संताची मूर्ती उचललीय. चौघांतला एक जरी अडून बसला, तर संत काय करणार?"

"हेच तर आमच्या वर्गात विचारतात, डॅडी. कोण ओढत होतं, आणि गावाला ते माहीत होतं का?"

"माहीत असणारच," मम्मी मागून म्हणाली. "गावात काय लपून राहतं?"

गाडीत क्षणभर सगळेच मजेत होते. मी तेवढ्यात बोलून टाकलं.

"मला हेच शिकायचंय. मी अकाउंटिंग सोडतेय."

बहिणीने कानातला एक इअरबड काढला.

"आणि नोकरी?" डॅडी म्हणाले. "अप्लाय कुठे करणार?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि सोडणार?"

"हो. मी विचारत नाहीये, डॅडी. सांगतेय."

त्यांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "एवढंच सांगायचं होतं तर घरी सरळ सांगायचं होतंस. आमचं डोकं कशाला उठवलंस?" आणि गाडी सुरू केली.

त्यांनी होकार दिला नाही. त्या आठवड्यात ते माझ्याशी दूध संपलंय, दार लाव, एवढंच बोलले. मम्मी म्हणाली, "दोन्ही कर ना, थोडे दिवस." मी नाही म्हणाले. युनिव्हर्सिटीत जाऊन विषय बदलून आले आणि घरी येऊन तेही सांगितलं. मम्मीने माझं ताट वाढलं.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर खालच्या हॉलमध्ये कॉफी होती. डॅडींच्या गावचे एक अंकल आहेत. तेही इथेच असतात. त्यांनी डॅडींच्या पाठीवर थाप मारली. "काय रे, मुलगी अकाउंटंट कधी होते? माझा टॅक्स मी तिच्याकडेच देणार."

डॅडींनी कपात पाहिलं. "ती शेजारीच उभी आहे. तिलाच विचार."

हसून वेळ मारून नेता आली असती.

"अंकल, मी अकाउंटिंग सोडलं. मी प्राचीन इजिप्तचा इतिहास शिकतेय."

"इजिप्त? ममी-बिमी?" ते मोठ्याने हसले, आणि आजूबाजूच्या दोघांतिघांनी वळून बघितलं. "आणि त्याचं करणार काय?"

"अजून ठरलं नाही."

"डॅडीने परवानगी दिली?"

"मागितली नाही."

अंकलनी डॅडींकडे पाहिलं. डॅडींनी कॉफीचा घोट घेतला. मी जाऊन खुर्चीवर बसले नाही की मम्मीकडे पाहिलं नाही. अंकलना अजून काही विचारायचं असेल, म्हणून मी तिथेच उभी राहिले.