लोटलेली झडप

आमच्या भाऊजींना कामावर सगळे कानसेन म्हणतात. प्रयोगशाळेच्या गच्चीवरचे पंखे, त्यांच्याखालच्या स्प्रिंगा, हवेचे पत्र्याचे मार्ग, सगळं त्यांच्याकडे. कुठे घरघर वाढली की पत्र्यावर तळहात ठेवून दुखणं सांगायचे, आणि वर मिरवायचेही. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, त्याच इमारतीत काचसामान धुते. मी त्यांच्याकडेच राहते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आवाज कमी करा म्हणून धोशा लावला. "फोनवर धड बोलताही येत नाही हो!" आवाज अडवणारी पेटी मागवली होती, ती येता येईना. शेवटी वैतागून भाऊजींनी पत्र्यातली झडप थोडी लोटली. हवा कमी, आवाज कमी. "पेटी येईपर्यंत एवढंच," म्हणाले. मॅडम खूश. ताई तर घरी येऊन नवऱ्याचं कौतुक करत सुटली, "आता नळाचासुद्धा आवाज ऐकू येतो गं!"

झडप लोटली की ॲसिडच्या वाफा ओढून घेणारं कपाटही ढिलं पडतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटलं. ताई त्याच कपाटात ॲसिडच्या बाटल्या विसळत होती.

एका सकाळी दूध करपलं. वास पार जिन्यापर्यंत आला, आणि ताई शेगडीकडे पाठ करून शांतपणे भांडी पुसत उभी. भाऊजींनी गॅस बंद केला, तिच्याकडे पाहिलं आणि तडक कामावर गेले. कपाटाच्या तोंडाशी त्यांनी कागदाची पट्टी धरली. पट्टी आत ओढली जायला हवी. ती सरळ लोंबत राहिली.

झडप त्यांनी तेव्हाच उघडली, मॅडमना कारणही सांगितलं. पुढे पेटी आली. आता ती इमारत खरोखरच शांत आहे. ताईला वास येणं मात्र बंद झालं ते झालंच. मला भाऊजींचा फार राग यायचा. हल्ली तोही येत नाही. आम्ही जेवतो, ताटं उचलतो.

रोज संध्याकाळी ते व्हिनेगरची बाटली तिच्या नाकाशी धरतात. आधी ती "नाही" म्हणायची. मग "किंचित" म्हणायला लागली.

काल सकाळी त्यांनी ती बाटली मोरीत ओतली, स्वच्छ धुतली आणि नळाचं पाणी भरलं. मी बघत होते.

संध्याकाळी ताईने हुंगलं आणि हसली. "अहो, आज चांगला येतोय की!"

भाऊजींनी टोपण लावून बाटली फळीवर ठेवली. "बरं झालं," म्हणाले. "उद्या परत बघू."