साडभाऊंचं भाजीचं ॲप

पांढुर्ण्यात आजवर पुष्कळ माणसं पुष्कळ गोष्टी शिकली असतील, पण आमच्या साडभाऊंइतकं मन लावून नवशिका राहिलेला माणूस त्या गावात दुसरा झाला नाही. मोबाइलचं ॲप बनवायला जी पहिली पायरी लागते, तिच्यावर ते वर्षानुवर्षं मांडी घालून बसले होते, आणि उठायची त्यांना अजिबात घाई नव्हती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. साडभाऊंची उभी नोकरी नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. मी सौंसरचा. रविवार आला की बस धरून त्यांच्याकडे जाऊन बसतो. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, घरच्यांचं तर मुळीच नाही, पण या माणसाचं केल्यावाचून राहवत नाही.

ॲप बनवायला शिकायचं त्यांच्या डोक्यात आलं ते पोरगा पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्यावर. त्याआधी बापलेकांचं फोनवरचं बोलणं पोस्टकार्डावर मावून वर जागा उरेल एवढंच. ‘बरा आहेस?’ ‘बरा आहे.’ ‘थंडी पडली का तिकडं?’ ‘थोडीशी.’ ‘घे, आईसंग बोल.’ माया दोन्हीकडे भरपूर होती, विषय नव्हता. आणि मायेला विषय नसला की ती थंडी-पावसावर बोलते. एका दिवाळीत पोरगा आपला जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला, आणि हा दिवसभर करतो तरी काय ते आपण शिकायचं, असं साडभाऊंनी ठरवून टाकलं. का, हेही त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. ‘त्याच्या कामातलं एखादं अक्षर समजलं, त त्याले इचारता त येईन काही.’

बनवायचं काय, हा प्रश्न बाईनं सोडवला. लग्न झाल्यापासून ती रोज सकाळी विचारत आली आहे, ‘आयकलं का, भाजी कायची करू?’ साडभाऊ ‘कर कायचीही’ म्हणणार, आणि मग ताटात जे पडेल त्याला नावं ठेवणार. तर बटण दाबलं की त्या दिवसाची भाजी सांगणारं ॲप. ऐकून मी हसलो होतो, पण संसार ज्या प्रश्नावर रोज अडतो तो सोडवायला निघालेला माणूस काही लहान म्हणता येणार नाही.

शिकवणी हिंदी व्हिडिओंवरून चाले. त्यातले मास्तर दर थोड्या वेळानं ‘बहुत आसान है, दोस्तो’ म्हणत, आणि साडभाऊ दर वेळी पडद्याला हात जोडून म्हणत, ‘तुमच्यासाठी असन जी.’ कळलेली प्रत्येक गोष्ट ते नळावर नेऊन घालत. अट घालायला शिकले त्या दिवशी तर खुर्चीतून उठून उभे राहिले. ‘हे त आपलं रोजचं काम होतं ना, साडभाऊ. हा वाल उघडा असला त पाणी खालच्या मोहल्ल्यात, नाही त टेकडीवर.’ तेवढ्यावर आठवडाभर खुशीत होते. प्रोग्रॅममध्ये म्हणे माहिती ठेवायला डबे करावे लागतात आणि त्यांना नावं द्यावी लागतात. साडभाऊंनी नावं दिली ती सोयऱ्यांची. जो डबा दर घडीला बदलतो तो त्यांच्या धाकट्या भावाचा, जो कधीच बदलत नाही तो बाईचा. माझ्याही नावाचा एक होता. त्यात काय ठेवता, असं मी जरा छाती काढूनच विचारलं. ‘काही नाही. रिकामाच आहे,’ ते म्हणाले, ‘पण काढला त लाल येते.’

लाल म्हणजे चूक झाल्याचा निरोप. काही चुकलं की पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं उमटत, आणि त्यांचा उल्लेख घरात पाहुणा उतरल्यासारखा होई. ‘आज सकायपासून लाल येऊन राहिलं.’ ही बातमी गावभर जाई. स्टँडवरचा चहावाला मी बसमधून उतरतो न उतरतो तोच सांगे, ‘आज लाल आहे बरं तुमच्या साडभाऊंचं.’ शेवटी एकदाचं ॲप सुरू झालं तेव्हा बटण दाबल्यावर त्यानं वांगं सांगितलं. पुन्हा दाबलं, वांगं. दिवाळीपासून होळीपर्यंत वांगं. बाई म्हणाली, ‘वांगं सांगाले मोबाइल कायले पायजे? ते त मीबी सांगते.’

पण लाल आलं की पोराला फोन लावता येई. खरी कमाई ती होती. रविवारी सकाळी साडभाऊ लॅपटॉपसमोर बसून फोन लावत आणि लाल निरोपातलं एकेक अक्षर सुटं करून वाचून दाखवत. पोरगा धीराचा. आधी हसे, मग म्हणे, ‘थांबा बाबा, आता मले वरची लाइन वाचून दाखवा.’ वांग्याचं प्रकरण त्यानंच उलगडून सांगितलं, की यादीतलं पहिलंच नाव दर वेळी उचललं जातं आहे. ‘म्हणजे पंगतीत पहिल्याच पाटावर वाढून राहिलं म्हण,’ साडभाऊ म्हणाले, आणि पुण्यातलं हसू मला खाटेवर बसल्या जागी ऐकू आलं. अशा बोलण्यात मध्ये मध्ये फटी पडतात, आणि फटींतून बाकीचं सगळं येतं. पोराला खोकला झाला आहे, हे ब्रॅकेट शोधता शोधता कळलं. त्यानं खोली बदलली, हे स्पेलिंग दुरुस्त करताना कळलं. एक मुलगी त्याच्या मनात आहे, हे तर साडभाऊंना बाईच्या आधी कळलं, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान.

एका रविवारी मी जरा लवकर पोहोचलो. साडभाऊ एकटेच बसले होते. त्यांनी बटण दाबलं, मेथी आली. पुन्हा दाबलं, चवळी. मग भेंडी. मी म्हटलं, ‘अरे वा, चालून राहिलं की भाऊ.’ त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर टाकली आणि शांतपणे एक ब्रॅकेट खोडलं. पडदा लाल झाला.

‘चालून राहिलं होतं ना,’ मी म्हटलं. ‘मग काहून काढलं?’

‘चालून राहिलं म्हणूनच त काढलं. फोनची वेळ झाली.’

आणि फोन लावून असल्या भाबड्या आवाजात ‘बाळा, पाय बरं, काहीच्या काही दाखवून राहिलं’ म्हणाले, की मला हसू फुटलं.

मागच्या पोळ्याला पोरगा आला. मीही मुक्कामाला होतो. दुसरा दिवस गोटमारीचा, नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकायच्या जत्रेचा, तेव्हा घरातल्या कुणी नदीकडे फिरकायचं नाही हे बाईचं दरसालचं फर्मान. पोरगा घरात अडकला. लांबून गलका ऐकू येत होता, करायला काही नव्हतं, म्हणून त्यानं बापाचा लॅपटॉप उघडला. सोयऱ्यांचे डबे पाहून आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, ‘बाबा, इतके दिवस तुम्ही याच्यात अडकून राहिले? मले आधीच द्यायचं ना.’ साडभाऊंनी एकदा हात पुढे केला. ‘राहू दे रे. मी करीन हळूहळू.’ ‘तुम्ही कायले त्रास घेता,’ म्हणत त्यानं लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. बाईची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत सगळं झालेलं. प्रत्येक भाजीचं चित्र, कालची भाजी आज येऊ न देण्याची सोय, वर ते बोलायचंसुद्धा. मग त्यानं बापाच्या फोनवर आणि लॅपटॉपवरही विचारलेलं सांगणारा तो नवा एआय मदतनीस घालून दिला. ‘आता काही अडलं त याले इचारत जा, बाबा. दिवसा, राती, कवाही सांगते. माझी वाट पाहाची गरज नाही.’

साडभाऊ ‘वा’ म्हणाले. पोराचा चेहरा उजळला होता, बापासाठी काहीतरी करायला मिळालं म्हणून. यात कुणाचं काही चुकलं नाही, आणि मला तेच जास्त लागतं.

ॲप आता सुरेख चालतं. बाई त्याचं ऐकते, आणि साडभाऊ ताटात येईल ते मुकाट्यानं खातात. ब्रॅकेट काढायचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला, पण मदतनीस लगेच चूक दाखवतो आणि दुरुस्तही करून देतो. ‘मी काढतो अन् ते लावून देते,’ ते मला म्हणाले. ‘अन् हासतबी नाही. पोरगा कसा, आधी हासे.’ तरी एकदा त्यांनी फोन करून लाल आल्याचं सांगितलंच. ‘त्याले इचारलं का?’ पोरानं विचारलं. सरळ विचारलं की साडभाऊंना खोटं बोलता येत नाही. ‘इचारलं. झालं नीट.’ ‘मग झालं त, बाबा,’ तो म्हणाला, आणि त्याला कुठलीशी मीटिंग होती.

परवाच्या रविवारी मी गेलो तेव्हा लॅपटॉप कपाटावर गेला होता आणि त्यावर बाईनं विणलेला रुमाल घातला होता. आम्ही चहा घेतला. घड्याळाकडे पाहून बाई म्हणाली, ‘वेळ झाली ना. लावा त फोन.’

‘लावतो,’ साडभाऊ म्हणाले. त्यांनी फोन हातात घेतला आणि जरा वेळ तो नुसता उलटसुलट करत राहिले. मग अगदी विद्यार्थ्यासारखं आमच्याकडे पाहिलं.

‘लावतो, पण इचारू काय?’

बाईनं कपबशा उचलल्या. परतताना बसमध्ये, सौंसर येईपर्यंत, बापानं पोराला विचारावा असा एखादा प्रश्न मी शोधत होतो.