निपाणीत अडकलेलं परस्थान

तुमची आई परवा फोनवर सांगत होती, की या वेळी इकडे येताना तुमचं सामान घरातूनच पुढे जाणार. आदल्या दिवशी दारात गाडी येईल, बॅगा घेऊन जाईल, आणि तुम्ही मोकळ्या हातांनी विमानतळावर पोचाल. लहान मुलांना घेऊन निघायचं तर ही सोय फार बरी, असं ती म्हणाली. मीही "बरी आहे" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर मात्र मला चैन पडेना. तिला आठवणं शक्य नाही, पण ती दीड वर्षाची असताना तिचंही सामान असंच पुढे गेलं होतं. ते निपाणीला अडकलं. काय झालं ते तुम्हाला नीट सांगते.

तुमचे आजोबा तेव्हा झांबियात पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनिअर होते. ते वर्षभर आधी गेले होते, आणि आता आम्हाला तिकिटं आली होती. मी, पाच वर्षांचा तुमचा मामा आणि कडेवर तुमची आई. बेळगावहून बसनं मुंबई, दुसऱ्या दिवशी विमान. ते विमान आठवड्यातून एकदाच जायचं.

तुमच्या मामाला त्याआधी दोनदा आकडी आली होती. दोन्ही वेळा मी त्याच्याजवळ होते, आणि तो निळा पडलेला चेहरा मी अजून विसरलेले नाही. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा औषध दिलं होतं आणि बजावलं होतं, की एकही वेळ चुकवायची नाही. तुमच्या आजोबांनी चौकशी करून कळवलं, की त्यांच्या गावात ते औषध मिळत नाही. म्हणून मी वर्षभराच्या बाटल्या घेतल्या, काचेच्या, तपकिरी. काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत गोधड्यांच्या मधोमध एकेक बाटली फडक्यात गुंडाळून बसवली. प्रवासापुरती एक बाटली खांद्याच्या पिशवीत ठेवली.

ट्रंक इतकी जड झाली, की दोन मुलांना घेऊन ती मुंबईत चढवणं-उतरवणं मला एकटीला जमणारं नव्हतं. निपाणीला तुमच्या आजोबांच्या आत्या राहत, आणि त्यांच्या मुलाचा तंबाखूचा व्यापार होता. त्यांना मी भाऊजी म्हणत असे. त्यांची लॉरी मुंबईला जायची. असं ठरलं, की ट्रंक आधी निपाणीला पाठवायची, तिथून ती लॉरीतून मुंबईच्या अडत्याकडे जाईल, आणि विमानाच्या दिवशी अडत्या ती विमानतळावर आणून देईल. व्यवस्था चोख होती, आणि तिचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

आमचा निघायचा दिवस अमावास्येचा निघाला. सासूबाई पंचांग मिटून म्हणाल्या, "अमावास्येला माझी नातवंडं परमुलखात धाडायची व्हय गं?"

"विमान पंचांग बघून सुटत नाही, आई."

"विमान न्हाय बघत. आपण बघू."

त्यांनी त्यावर उपाय काढला तो परस्थानाचा. शुद्ध भाषेत प्रस्थान. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एखादी वस्तू वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. लोक साधारणपणे एखादं वस्त्र आणि सुपारी शेजारी नेऊन ठेवतात. सासूबाईंनी विचार केला, की ट्रंक नाहीतरी बुधवारी निपाणीला जाणारच आहे, दिवस चांगला आहे, निपाणी मुंबईच्याच वाटेवर आहे. त्यांनी हळदीत बुडवलेल्या फडक्यात सुपारी आणि अक्षता बांधल्या, ती पुरचुंडी ट्रंकेच्या कडीला बांधली आणि ट्रंक नेणाऱ्या माणसाबरोबर आत्याबाईंना निरोप धाडला, की हे पोरांचं परस्थान आहे, जपा. मी समोरच उभी होते. घरात शांतता राहत असेल तर पिवळ्या फडक्यानं माझं काय बिघडणार होतं?

अमावास्येच्या सकाळी आम्ही बसमध्ये बसलो. बेळगावबाहेरचं काकती गाव मागे पडेपर्यंत तुमचा मामा खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला औषध दिलं, आणि पुढे वळणं लागल्यावर ते सगळं त्यानं ओकून टाकलं. चालत्या गाडीत पुन्हा द्यावं तर पुन्हा ओकेल. निपाणीला गाडी थांबली की देऊ, असं मी ठरवलं आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत बसले. दोन्ही वेळा आकडी येण्याआधी त्याची नजर एका जागी खिळली होती. तुमची आई मांडीवर झोपली होती, तेवढंच बरं.

निपाणीच्या स्टँडवर गाडी शिरली आणि खिडकीशी भाऊजी दिसले. ते धावत गाडीबरोबर येत होते.

"वहिनी, उतरा. ट्रंक घरातच हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "लॉरी?"

"लॉरी गेली परवाच. मी गावाला गेलतो, काल संध्याकाळी आलो तर ही ट्रंक तशीच. आई कुणाला हात लावू देत न्हाय. म्हणती, परस्थान ज्याचं त्यानंच उचलायचं."

"मग तुम्ही जीपमधून इथं तरी आणायची."

"आणली असती. ती ट्रंकेवर बसलीया."

मी कंडक्टरला विचारलं, की गाडी किती वेळ थांबेल. तो तिकिटांची पेटी आवरत होता. "चहा पिऊन झाला की सुटली. मुंबईची गाडी हाय अक्का, घरची बैलगाडी न्हाय."

मुलांना गाडीत ठेवून जाणं शक्य नव्हतं. ट्रंक सोडून जाणंही शक्य नव्हतं. आणि गाडी चुकली तर विमान चुकणार होतं. मी तुमच्या आईला कडेवर घेतलं, मामाचा हात धरला आणि उतरले. उतरताना खांद्याची पिशवी दाराच्या लोखंडी दांड्यावर जोरात आपटली. तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

जीपमध्ये भाऊजी समोर बघत म्हणाले, "वहिनी, तिच्याशी भांडू नका. आमचे आण्णा गेले तवा त्यांचं परस्थान हमालानं उचलून दिलंतं. आण्णा परत आले न्हाईत. तिच्या डोक्यातनं ते जात न्हाय."

आण्णा म्हणजे भाऊजींचे वडील. पिशवीतून काहीतरी ओलं माझ्या साडीला लागत होतं. हात घातला तर बोटं चिकट झाली आणि बोटाला काच टोचली.

आत्याबाई खरोखरच ट्रंकेवर बसल्या होत्या, पाय वर घेऊन. वखारीला लागून असलेल्या त्या खोलीत तंबाखूचा वास इतका होता, की तुमची आई जागी होऊन शिंकायला लागली.

"आलीस व्हय? ये. आधी पाय धू. पोरांच्या हातावर दही घालते, मग उचल."

"आत्याबाई, मला ट्रंक उघडायची आहे."

त्यांचा चेहरा बदलला. "परस्थान वाटंत उघडत न्हाईत. शिकलेली हायस, एवढं ठाव न्हाय?"

भाऊजी म्हणाले, "आई, बस सुटंल."

"सुटू दे. बस दुसरी येती."

मी पिशवी त्यांच्यासमोर उलटी केली. काचा, ओले रुमाल, चमचा. म्हटलं, "याचं औषध फुटलं. सकाळचं ओकून गेलं. उरलेलं सगळं तुमच्या खाली आहे. याला आकडी येते, आत्याबाई. दोनदा आलीय."

त्या मामाकडे बघत राहिल्या. तो दाराशी उभा होता आणि भिंतीवरच्या एका खिळ्याकडे टक लावून बघत होता. तो नुसताच बघत होता की ते सुरू झालं होतं, मला कळेना. मी त्याला हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. पुन्हा मारली.

आत्याबाई उठल्या. वय झालेलं, पण एका झटक्यात खाली उतरल्या. पुरचुंडीची गाठ त्यांनी स्वतःच्या नखांनी सोडली आणि मला म्हणाल्या, "बघतीस काय? उघड."

मी कुलूप काढलं, गोधड्या उपसल्या, पहिली हाताला लागली ती बाटली काढली. चमचा धुवायला त्यांनीच पाणी ओतलं. मामानं तोंड उघडलं, औषध गिळलं आणि नेहमीसारखं तोंड वाकडं करून म्हणाला, "कडू." तेव्हा मी गोधड्यांवरच बसले. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत थांबलो, पुन्हा ओकतो का म्हणून. तो ओकला नाही. त्यानं दही मागितलं.

मग मी बाटल्या पुन्हा ट्रंकेत ठेवायला घेतल्या, तर आत्याबाईंनी माझा हात धरला. "आता ते नगं." त्यांनी कोनाड्यातून बाजाराची जाड पिशवी काढली, तळाला जुनं लुगडं घातलं आणि सगळ्या बाटल्या तिच्यात उभ्या बसवून घेतल्या. वरून ती पिवळी पुरचुंडी पिशवीच्या बंदाला बांधली. "परस्थान आता हे. हे तू उचलायचं. दुसऱ्याच्या हातात द्यायचं न्हाय, तुझा नवरा भेटंपतोर. ट्रंक कोण बी उचलू दे."

एवढं म्हणून त्यांनी मला वाकायला लावलं आणि कुंकू लावलं.

स्टँडवर बस नव्हती. भाऊजी जीप तशीच हायवेला घेऊन गेले. मागे ट्रंक आदळत होती, माझ्या मांडीवर ती पिशवी होती, आणि प्रत्येक खड्ड्याला मी ती अशी उचलून धरत होते जशी एरवी तुमच्या आईला धरली असती. तुमची आई भाऊजींच्या हातातल्या स्टिअरिंगला हात लावायला बघत होती.

कोगनोळीला, जिथं कर्नाटक संपतं, तिथल्या नाक्यावर लॉऱ्यांची रांग लागली होती आणि त्या रांगेत आमची बस अडकली होती. कंडक्टर दारात उभा होता. मला बघून म्हणाला, "मी थांबलो न्हाय हं अक्का. नाक्यानं थांबवलंय."

ट्रंक टपावर चढवताना नाक्याचा एक शिपाई आला. त्यानं नाक ट्रंकेजवळ नेलं. "तंबाखू काय?"

"मुलांच्या गोधड्या आहेत," मी म्हटलं.

"वास येतोय की."

"माझाबी येतोय," भाऊजी म्हणाले. "मलाबी उघडून बघा."

शिपाई हसला आणि त्यानं हात हलवला. गाडी सुटली. मुंबईपर्यंत मी पिशवी खाली ठेवली नाही.

मुंबईत ट्रंक हमालांनी उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळावर ती वजन करून आत गेली. मग काउंटरवरचा तरुण माझ्या पिशवीकडे हात पुढे करून इंग्रजीत म्हणाला, की ही जड आहे, हीसुद्धा सामानात जाईल. मी म्हटलं, जाणार नाही. त्यानं नियम सांगितला. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, मामाला पुढे उभं केलं, त्याला काय होतं ते शांतपणे सांगितलं. माझं इंग्रजी तिथं उपयोगी पडलं. मागे रांग तटली होती. तो पुरचुंडीकडे बघून म्हणाला, "आणि हे काय आहे?"

"हे माझ्या सासरचं लेबल आहे," मी म्हटलं.

त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानं येऊन बाटल्यांवर नजर टाकली आणि आम्हाला जाऊ दिलं.

झांबियाच्या विमानतळावर तुमचे आजोबा काचेपलीकडे उभे होते. सगळ्यांचं सामान आलं. आमची ट्रंक आली नाही. वाटेत विमान बदलताना ती कुठंतरी मागे राहिली होती. तुमच्या आजोबांचा चेहरा उतरला. औषध ट्रंकेत आहे हे त्यांना माझ्या पत्रातून माहीत होतं. मी पिशवी उचलून दाखवली.

ट्रंक पुढच्या आठवड्याच्या विमानानं आली. ती उघडताच घरभर निपाणीचा वास सुटला, आणि तो गोधड्यांतून वर्षभर गेला नाही. तुमचा मामा त्याच गोधडीत झोपायचा. त्या वर्षात त्याला एकदाही आकडी आली नाही, आणि त्यानंतरही कधी नाही.

ट्रंक उशिरा आल्याचं मी आत्याबाईंना कळवलं होतं. भाऊजींकडून त्यांचं उत्तर आलं: "ट्रंक दुसऱ्यानं उचलली न्हवं? मग."

त्यांच्याशी मी तेव्हाही सहमत नव्हते. म्हणून तुमच्या बॅगा दारातल्या गाडीत खुशाल द्या. फक्त धाकट्याचा दम्याचा पंप आणि त्याची औषधं तुमच्या आईच्या हातातल्या पिशवीत आहेत ना, ते गाडी सुटायच्या आधी तुमच्यापैकी एकानं उघडून बघा.